सोलापूरचे सोळा

आमचें आडनांव सोलापूर शहरावरून पडलेलें आहे. परंतु आमच्या घराण्यांतील कोणीहि मनुष्य गेल्या शंभर वर्षांत सोलापुरांत राहिलेला नाहीं. आजोबा १९२४ सालीं नोकरीच्या निमित्तानें पुण्यास आले आणि पुण्याचेच झाले. गांव सुटलें, नांव मात्र सुटलें नाहीं. आणि त्या नांवाबरोबर एक गोष्टहि वडिलोपार्जित भांड्यांसारखी घरांत राहिली. सोळा गांवें मिळून सोलापूर झालें, त्या सोळांपैकीं एका गांवाचें कुळकर्ण आमच्या मूळ पुरुषाकडे होतें, म्हणून आम्ही सोलापूरचे, अशी ती गोष्ट. आजोबांनीं ती वडिलांना सांगितली, वडिलांनीं आम्हां भावंडांना सांगितली. आणि गणपतीच्या दिवसांत सारी मंडळी वाड्यांत जमली म्हणजे आमचे थोरले बंधु, ज्यांना लहानथोर सर्वजण दादाच म्हणतात, ते वयाच्या शहाऐंशीव्या वर्षींहि ती मुलांना सांगतात. सांगतांना ते दोन्ही हातांचीं बोटें पसरतात आणि उरलेल्या सहांसाठीं जवळच्या एकाद्या मुलाचा हात ओढून घेतात.

गेल्या मार्गशीर्षांत दादांच्या नातीचा ऑस्लोहून फोन आला. मुलगी बारा वर्षांची, जन्म नॉर्वे देशांतला, पण मराठी स्वच्छ बोलते. तिच्या शाळेंत प्रत्येक मुलानें आपल्या आडनांवाचा अर्थ शोधून वर्गांत सांगावयाचा होता. दादांनीं अर्थातच सोळा गांवांची गोष्ट सांगितली. मुलीनें ती नीट ऐकून घेतली आणि मग म्हणाली, "आजोबा, आमच्याकडे सोळाला 'सेक्स्तेन' म्हणतात, पण बोलतांना 'सायस्तेन' असा उच्चार करतात. तो शब्दसुद्धां सहा आणि दहा मिळून झाला आहे, असें आमच्या बाईंनीं सांगितलें. मग सोळा कशाचा झाला?" दादांनीं फोन माझ्या हातीं दिला. मी आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें, तेव्हां असले प्रश्न माझ्याकडे यावयाचेच.

मला अतिशय आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे. सोळा हा शब्द संस्कृत 'षोडश' यावरून प्राकृत 'सोलस' या वाटेनें आपल्याकडे आला, आणि षोडश म्हणजे षष् अधिक दश. षष् मधील शेवटचा वर्ण ओकारांत मुरला, दश मधील 'द' त्याच्या संगतीनें 'ड' झाला, पुढें मराठींत त्याचा 'ळ' झाला. आतां सोळा हा शब्द ऐकून त्यांत सहा आणि दहा आहेत हें कोणाच्या कानाला समजावें? नॉर्वेजियन लोकांनींहि आपल्या शब्दांतील 'क्' असाच झिजवून टाकला आहे. परंतु शिवण उसवून पाहिली तर दोहोंकडे कापड एकच. त्यांची दहाची संख्या 'ती' आणि आपली 'दश'. त्यांचा दांत 'तान्' आणि आपला 'दंत'. त्यांचे दोन 'तू' आणि आपले 'द्वौ'. मूळ भाषेंतला जो 'द' संस्कृतानें राखला, त्याचा त्या उत्तरेकडील भाषांनीं 'त' केला, आणि तोहि लहरीप्रमाणें नव्हे, शब्दामागून शब्द नियमानें केला. याकोब ग्रिम या जर्मन पंडितानें १८२२ सालीं हा नियम मांडला. मुलांसाठीं परीकथा जमविणारे जे ग्रिमबंधु, त्यांतील थोरला तो हाच. हें सर्व मीं नातीला सांगितलें. हिमालयाच्या खालीं आणि ध्रुवप्रदेशाच्या शेजारीं माणसें हजारों वर्षें एकाच रीतीनें सहांत दहा मिळवीत आलीं आहेत, हें ऐकून ती मुलगी क्षणभर गप्प राहिली. तुझें आडनांव अर्धें नॉर्वेजियनच आहे म्हण, असें मीं थट्टेनें म्हटलें. ती थट्टा पुढें मला जड गेली.

कारण चार दिवसांनीं पुनः फोन आला. मुलीनें सर्व लिहून काढलें होतें. तिच्या बाईंना तें फार आवडलें होतें. आणि बाईंनीं एकच प्रश्न विचारला होता. तीं सोळा गांवें कोणतीं? दादा माझ्याकडे पाहूं लागले, मी दादांकडे. तीन पिढ्या ज्या सोळांचा अभिमान वाहिला, त्यांतील दोन नांवेंहि आम्हांला धड येईनात. आमच्या मूळ पुरुषाचें कुळकर्ण त्यांतील कोणत्या गांवीं होतें, हें तर कोणीं कधीं विचारलेंहि नव्हतें. संक्रांत जवळ आली होती. "तूं जाऊनच ये," असें दादा म्हणाले.

पुण्याहून सोलापुरास जाणाऱ्या गाडीचें नांव हुतात्मा एक्स्प्रेस. सोलापुरांत १९३० च्या मे महिन्यांत लष्करी कायदा पुकारला गेला, आणि त्यानंतर चालविलेल्या खटल्यांत चार सोलापूरकरांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन हीं तीं चार नांवें. हीं नुसतीं एकामागून एक म्हणून पाहिलीं तरी त्या शहरांत कोणकोणत्या घरांतून कोणकोणत्या बोली बोलल्या जातात याची कल्पना येते. त्यांत तेलुगु तेवढी नाहीं. ती पद्मशाली विणकरांच्या घरांतून ऐकावयाची. सोलापुरी चादर आपल्या सर्वांच्या घरीं असते, पण ती विणणारा हात बहुधा घरीं तेलुगु बोलतो, हें तिच्यावर झोंपणारास ठाऊक नसतें.

दौंड, कुर्डुवाडी, मोहोळ अशीं स्टेशनें मागें टाकीत गाडी सोलापुरास पोंचली तेव्हां रात्र झाली होती. सकाळीं उठून पहिल्यानें सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलों. थंडीचे दिवस, पाण्यावर धुकें, पलीकडे भुईकोट किल्ल्याचे काळे बुरूज. हा किल्ला निजामशाही आणि आदिलशाही यांच्यामध्यें चेंडूसारखा फिरला. चांदबिबीचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशीं झाला तेव्हां तो आंदण म्हणून देण्यांत आला. पण सोलापूरचा खरा धनी किल्ल्यांत नव्हे, तळ्यांतल्या देवळांत आहे. शिवयोगी सिद्धराम हे बाराव्या शतकांतले. हें तळें त्यांनीं खोदविलें, गांवाच्या भोंवतीं अडुसष्ट लिंगें स्थापिलीं, कन्नड भाषेंत वचनें रचलीं. त्यांची समाधि देवळाच्या आवारांतच आहे. बसवेश्वर आणि अल्लमप्रभु यांचे ते समकालीन होत. राघवांक नांवाच्या कन्नड कवीनें त्यांच्यावर 'सिद्धरामचरित्र' नांवाचें काव्य लिहिलें आहे.

संक्रांतीच्या यात्रेला तेथें गड्डा म्हणतात. सात नंदीध्वज, म्हणजे उंचच उंच सजविलेल्या काठ्या, पांढऱ्या बाराबंद्या घातलेले लोक कमरेशीं तोलून मिरवीत नेतात. एका कुंभाराच्या मुलीनें सिद्धरामांशीं विवाहाचा हट्ट धरला, तेव्हां त्या विरक्त पुरुषानें आपल्या योगदंडाशीं तिचें लग्न लावून दिलें, अशी कथा आहे. तळ्याकांठच्या संमती कट्ट्यावर दरवर्षीं त्या लग्नाच्या अक्षता पडतात. मी गर्दींत उभा होतों. माझ्या डावीकडे एक बाई मराठींत आपल्या सुनेला कांहीं सांगत होती, सून कन्नडांत उत्तर देत होती, आणि दोघींनाहि त्यांत कांहीं विशेष वाटत नव्हतें. मी जेथें उभा होतों तो 'कट्टा' हा शब्दसुद्धां कन्नडांतील 'कट्टे' आहे.

दुसरे दिवशीं एका जुन्या ग्रंथालयांत जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ काढून बसलों, आणि सोळा गांवें सांपडलीं. आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी, काळजापूर, खादरपूर, खंडेरावाची वाडी, महंमदपूर, राणापूर, संदलपूर, शेखपूर, सोलापूर, सोनलगी, सोनापूर आणि वैदकवाडी. मीं तीं वहींत उतरून घेतलीं आणि बोटांवर मोजलीं. बरोबर सोळा भरलीं. दादांना तत्काळ फोन करावा म्हणून बाहेर आलों, आणि पायरीवरच थांबलों.

वाचकांच्याहि लक्षांत आलें असेल. सोळा गांवें एकत्र आल्यामुळें ज्याचें नांव सोलापूर पडलें, तें सोलापूर त्या सोळांत तेरावें म्हणून आधींच बसलेलें आहे! मुलाच्या बारशाला त्याच नांवाचा मुलगा पाहुणा म्हणून यावा, तसा हा प्रकार. बरें, आदिलपूर, अहमदपूर, महंमदपूर, शेखपूर हीं नांवें मुसलमानी अंमलाच्या आधींचीं असणें शक्य नाहीं. आणि बहामनी राज्याची स्थापनाच मुळीं १३४७ सालची. शिवाय संदलपूर, सोनलगी, सोनापूर आणि सोलापूर हीं चार नांवें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं तर तीं चार गांवें वाटत नाहींत. एकाच माणसाचीं चार वयांतलीं छायाचित्रें वाटतात.

आणि तें खरेंच आहे. त्याच ग्रंथांत पुढें दिलें होतें तें असें. कल्याणच्या कलचुरी राजांच्या काळांतील, सिद्धरामांसंबंधीच्या शिलालेखांत या गांवाचें नांव 'सोन्नलगे' असें येतें. यादवांच्या काळापर्यंत तेंच 'सोन्नलगी' म्हणून चालत होतें. मोहोळ तालुक्यांत कामती येथें शके १२३८ चा, म्हणजे इ. स. १३१६-१७ चा एक संस्कृत शिलालेख आहे. त्यांत 'सोनलीपूर' असें नांव आहे. किल्ल्यांतील एका लेखांत 'सोनलपूर', तर तेथल्याच विहिरीवरील लेखांत 'संदलपूर'. सोनलपूर मधला 'न' गळाला कीं सोलापूर झालें. इंग्रज आले त्यांनीं त्याला 'शोलापूर' करून ठेवलें, तें असो. मुद्दा हा कीं, महंमदपूर आणि आदिलपूर यांचा जन्म होण्यापूर्वींच 'पूर' या शेवटासकट हें नांव दगडावर कोरलें गेलें होतें. सोळा गांवांना त्याचें जनकत्व देतां येत नाहीं.

खरें म्हणजे माझ्यासारख्या माणसाला शिलालेखापर्यंत जाण्याचीहि गरज नव्हती. आपण सोळा म्हणतों तें 'ळ' नें. सोलापूर म्हणतों तें 'ल' नें. मराठी माणूस कमल आणि कमळ यांत घोंटाळा करीत नाहीं. सोळांवरून नांव पडतें तर तें सोळापूर झालें असतें. चाळीस वर्षें मुलांच्या वह्यांतले ल आणि ळ तांबड्या शाईनें दुरुस्त केले, आणि स्वतःच्या आडनांवांतला 'ल' मला कधीं दिसला नाहीं!

या समजुतीला मी अडाणीपणा म्हणणार नाहीं. संख्येवरून प्रदेशाला नांव देण्याची चाल आपल्याकडे आहेच. गोव्यांत तिसवाडी आहे, सासष्ट गांवांची साष्टी आहे, बारदेश आहे. जुन्या कन्नड लेखांत बनवासी १२०००, कुंडी ३०००, तर्दवाडी १००० अशा संख्या प्रांतांच्या नांवांपुढें लावलेल्या असतात. ज्याच्या कानांत असल्या संख्या घोळत होत्या त्याला 'सोला' ऐकून सोळा आठवले, आणि मग त्यानें आसपासच्या वाड्या मोजून सोळा भरविले. संख्या आधीं ठरली, गांवें मागून जमलीं. 'सोनली' ऐकून कित्येकांना सोनें आठवलें असेल. आणि कानडी माणसाला 'सोन्ने' म्हटलें कीं शून्य आठवतें, कारण शून्याचाच त्या भाषेंत सोन्ने झाला आहे. एकाच्या कानीं सुवर्ण, दुसऱ्याच्या कानीं पूज्य! कानावर विसंबून नांवाचा अर्थ लावणाराची फजिती कोठवर जाते याला याहून चांगला दाखला मिळावयाचा नाहीं.

'सोन्नलगी' हा शब्द मीं वहींत लिहिला तेव्हां मनांत दुसरेंच कांहीं हललें. त्याच्या शेवटचें 'गी' त्या मुलखांत जागोजाग भेटतें. करजगी आहे, मैंदर्गी आहे, पलीकडे कलबुर्गी आहे. यांतील मैंदर्गी हें अक्कलकोट तालुक्यांतलें गांव माझ्या आजीचें माहेर.

तिसरे दिवशीं मोटार करून हत्तरसंग कुडलास जाऊन आलों. भीमा आणि सीना यांचा तेथें संगम आहे. मोटार हांकणारा तरुण माझ्याशीं मराठींत बोले, वाटेंत रस्ता विचारतांना कन्नडांत, आणि घरून फोन आला तेव्हां तेलुगूंत. संगमेश्वराच्या देवळाच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा एक लेख आहे, त्यांत मराठी वाक्य आहे. आपल्या भाषेच्या कालनिर्देश असलेल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. आसपासच्या गांवांतून कन्नड ऐकूं येतें, आणि दगडावर हजार वर्षांपूर्वींचें मराठी! उलट श्रवणबेळगोळला, थेट कर्नाटकाच्या पोटांत, बाहुबलीच्या पायाशीं मराठी अक्षरें कोरलेलीं आहेत हें सर्वांस ठाऊक आहे. मग आमच्या शहराचें नांव कानडी निघालें तर त्यांत कोणाचें काय गेलें? देवळाच्या गार दगडावर बसून बरोबर आणलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खातांना मीं असा युक्तिवाद करीत होतों; आणि तो मी स्वतःशीं नव्हे, दादांशीं करीत होतों, हेंहि मला कळत होतें.

कारण आमच्या घरांत त्या भाषेचा एक इतिहास आहे. आजी मैंदर्गीची, तिचें सारें बालपण कानडींत गेलें. पुण्यास आल्यावरहि ती देवाशीं, मांजराशीं आणि तापांत बरळतांना कानडींतच बोलत असे. पुढें १९५६ सालीं संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. वडील त्यांत मनापासून पडले होते; सीमाभागाचा प्रश्न त्यांच्या जिव्हारीं लागला होता. एके दिवशीं जेवतांना त्यांनीं सांगितलें, "आई, आजपासून घरांत मराठींतच बोलावें." त्यांत कठोरपणा नव्हता, पण तें त्यांनीं पाहुण्यांदेखत सांगितलें. आजीनें मान डोलावली. १९६१ सालीं ती गेली. मी तेव्हां लहान होतों, त्यामुळें मला तिच्या तोंडचें कानडी फारसें आठवत नाहीं. दादांना आठवत असलें पाहिजे, पण त्यांनीं त्याविषयीं कधीं शब्द काढला नाहीं.

पुण्यास परत आल्यावर मीं वही दादांपुढें ठेवली. सोळा नांवें त्यांनीं मोठ्यानें वाचलीं. तेराव्या नांवावर ते थांबले, चष्मा काढून पुसला, पुनः वाचलें. लहानपणीं माझें गणित चुकलें म्हणजे ते जसे हंसत तसेच हंसले. "म्हणजे कुळकर्णहि गेलें म्हणावयाचें!" असें ते म्हणाले. मीं म्हटलें, "कुळकर्ण असेलहि दादा, पण सोळा गेले." मग मीं पान उलटून खालीं लिहिलेला शब्द दाखविला.

दादा बराच वेळ बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, "आजी पहांटे जात्यावर बसली कीं सोन्नलगी, सोन्नलगी असें कांहीं म्हणत असे. पुढें सिद्धराम असें येई. मला वाटे, सोन्नलगी ही तिची कोणी बहीण असावी, लहानपणीं वारलेली. विचारावेंसें वाटे, पण रडेल म्हणून विचारलें नाहीं. आणि नंतर तर तिनें म्हणणेंच सोडलें."

त्या रात्रीं ऑस्लोला फोन लावावयाचा होता. तो मी लावणार होतों, कारण चूक दुरुस्त करण्याचें काम मला नवें नाहीं. पण दादांनीं फोन स्वतःच्या हातांत घेतला. "मीं तुला चुकीचें सांगितलें," अशीच त्यांनीं सुरवात केली. मग सोन्नलगे, सोनलीपूर, सोनलपूर, सोलापूर अशी सगळी उतरंड त्यांनीं वहींत पाहून सांगितली. मुलगी हिरमुसली असावी. तिचें सायस्तेन हातचें गेलें होतें. मीं मध्येंच शिरून तिचें सांत्वन केलें कीं, सोळा आडनांवांत नसला तरी सोळाची आणि सायस्तेनची सोयरीक मोडलेली नाहीं. तुझ्या तिकडच्या भाषेंत राहण्याला 'बू' म्हणतात आणि शहरालाहि त्याच धातूवरून झालेला शब्द आहे. तो धातु म्हणजे आपला 'भू', असणें. आणि असण्याला तुम्ही 'वॅरे' म्हणतां, तें ज्या मुळापासून आलें त्यापासून आपला 'वस्', राहणें, म्हणजे आपली वस्ती. आपण ज्याला असणें म्हटलें त्याला त्यांनीं राहणें म्हटलें, आपलें राहणें त्यांचें असणें झालें. तें तिनें दोनदां म्हणवून घेतलें आणि लिहूं लागली.

मग तिनें दादांना विचारलें, "पणजीच्या आजीला — म्हणजे तुमच्या आजीला — आणखी कोणते शब्द येत होते?" दादांनीं डोळे मिटले. "बा म्हणजे ये," ते म्हणाले. "ऊट म्हणजे जेवण. नीरु म्हणजे पाणी."

नीर हा शब्द मीं वर्षानुवर्षें संस्कृत म्हणून शिकविला. तो द्राविड भाषांतून संस्कृतांत आला असें अनेक पंडितांचें मत आहे, हें मला ठाऊक होतें. पण तें त्या वेळीं मीं बोललों नाहीं. दादा अजून डोळे मिटून बसले होते, आणि पलीकडे मुलगी पेन्सिल घेऊन थांबली होती.